काकूंचे कान

प्रिय टिटवी,

पाकिटावरचं अक्षर बघून तू कपाळाला हात लावला असशील. अकरा वर्षांत एक ओळ नाही, आणि आता हे एवढं जाडजूड पाकीट! तुझा पत्ता मी तुझ्या मामेबहिणीकडून काढला. तिनं आधी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "देते, पण तिनं न वाचताच फाडलं तर मला विचारायला येऊ नकोस." तू खरंच फाडलं असशील तर मला ते कधी कळणारच नाही. त्यातल्या त्यात तेवढीच सोय. म्हणून बिनधास्त लिहिते.

आधी माझी खबर. मी जाड झालेय, चष्मा लागलाय, आणि तू मला गोगलगाय म्हणायचीस ते आता सगळ्या अर्थांनी शोभतं. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझा दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे काय, मी लोकांचे कान तपासते. पुढच्या खोलीत चार खुर्च्या, मागच्या खोलीत जाड भिंतींची काचेची एक पेटी. माणसाला त्या पेटीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मग एकेक आवाज सोडत जायचं. या भागात कानांची तपासणी करणारी मी एकटीच, त्यामुळे निम्म्या गावाचे कान मला आतून माहीत आहेत. समोरून कोण चाललंय हे चेहऱ्यावरून लक्षात येत नाही, पण तो वळला आणि कान दिसला की झटकन आठवतं.

मी एकटी राहत नाही. हे तुला सांगताना थोडा संकोच वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटत, उलट कधी सांगते असं झालंय. ती लांब पल्ल्याची बस चालवते. इंजिनाच्या आवाजानं कान जातात म्हणून त्यांच्या खात्यात वर्षातून एकदा तपासणी असते, तशी ती आली. कान ठणठणीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, म्हणे ठणका लागतोय. पाहिलं, काही नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी जरा वैतागूनच म्हटलं, "अहो, तुमच्या कानाला काहीएक झालेलं नाही." तर म्हणते, "ते मलाही माहीत आहे. पण इथं यायला दुसरं काय कारण सांगू?" मी तिच्या कानात बघायचा दिवा हातात धरून तशीच उभी राहिले. आज सहा वर्षं झाली. ती मोठ्यानं हसते, मोठ्यानं जेवते, आणि गाते इतकी बेसूर की माझ्यासारख्या कानांच्या माणसानं तिच्यावर प्रेम करावं हे नवलच.

आणि दुसरी खबर, जी ऐकून तू भुवया उंचावशील. मी पुन्हा प्रार्थनेला जाते. हो, त्याच प्रार्थनाघरात, उंच खिडक्या, चौदा बाक, आणि जिथली सगळी गाणी तुला पाठ असायची त्याच. तू जाताना म्हणाली होतीस, जिथं आपल्याला बसायला जागा नाही तिथं देव तरी कुठला बसायला! ते मला पटलं होतं. तू गेल्यावर पाच वर्षं मी देवाशी अबोला धरला. पण अबोला कसला, मनातल्या मनात रोज त्याच्याशी कडाकडा भांडायचे. एकदा माझ्या ड्रायव्हरबाईनं ते ओळखलं. ती स्वतः अगदी साधी भाविक आहे. सकाळी सीटवर बसली की चाकावर दोन्ही हात ठेवून पाव मिनिट डोळे मिटते आणि मगच किल्ली फिरवते. मी तिला विचारलं, त्या ग्रंथात आपल्यासारख्यांबद्दल काय लिहिलंय ते ठाऊक असूनही तू डोळे कशी मिटतेस? ती म्हणाली, "मी रोज चव्वेचाळीस माणसं त्याच्या भरवशावर घाटातून नेते. मी नको असते तर त्यानं पहिल्याच वळणावर सांगितलं असतं. आणि तू गं? ज्याच्याशी रोज भांडतेस तो आहे असं धरूनच भांडतेस ना?"

तुला आठवतं, चौदाव्या वर्षापासून मी एकच मागणं मागायचे. मला बदल. रोज, गुडघे दुखेपर्यंत. तुझ्या शेजारी बसून तुझ्याबद्दलच मागायचे, आणि तुलाही ते कळायचं. त्यानं मला बदललं नाही, तेव्हा मी धरून चालले की त्यानं तोंड फिरवलं. आता माझ्याकडे काही लोक येतात, हट्टानं सांगतात की कानात बिघाड आहे, बाई, काहीतरी करा. मी तपासते, सगळं नीट असतं. तसं सांगितलं की रागावतात, मी लक्षच दिलं नाही म्हणतात. अशीच एक बाई तणतणत जिना उतरून गेली आणि मी खुर्चीत बसले ती बसलेच. म्हटलं, अरेच्चा, त्यानंही तपासून पाहिलं असेल की! दुरुस्त करण्यासारखं काही सापडलंच नसेल. टिटवे, त्या दुपारी मी पुढचे दोन पेशंट तसेच ताटकळत ठेवले आणि काचेच्या पेटीत जाऊन हसले आणि रडले. ती पेटी त्या बाबतीत फार चांगली, बाहेर काही ऐकू जात नाही.

तरी प्रार्थना सांगणाऱ्या आपल्या गुरुजींना विचारल्याशिवाय आम्ही गेलो नाही. ते आता खूप थकलेत. ग्रंथातल्या त्या ओळींचा अर्थ त्यांना विचारला, तर म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं त्या ओळी मी लोकांना घडाघडा समजावून सांगितल्या. अलीकडे मलाच त्या समजेनाशा झाल्यात. पण प्रार्थनेला येतो असं कुणी म्हणालं तर येऊ नका म्हणायचा अधिकार मला दिल्याचं मला आठवत नाही." मग हळूच पुढे म्हणाले, "किल्ल्या मात्र काकूंकडे असतात हं."

काकूंकडे. म्हणजे तुझ्या आईकडे. पत्राच्या दुसऱ्या पानावर आले आणि आता त्यांचं नाव काढतेय, यावरून मी किती वेळ धीर गोळा करत होते ते समज. प्रार्थनाघर झाडायचं, उघडायचं, बंद करायचं, सगळं अजून त्याच बघतात. मी त्यांना काकूच म्हणते, मनातसुद्धा. दुसरं काही म्हणून बघितलं होतं मधल्या वर्षांत, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघी पहिल्यांदा गेलो तो दिवस तुला सांगायलाच हवा. मागून तिसऱ्या बाकावर बसलो. काकू दाराशी होत्या. त्या सरळ मधल्या वाटेनं चालत आल्या, आमच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या दोघी ज्या बाकावर बसल्या तो बाक आता धुवून घ्यावा लागणार." माझ्या डोळ्यांपुढे तुझी बॅग आली, जी त्यांनी तुला घराबाहेर काढलं त्या दिवशी जिन्यात आणून ठेवली होती, वर तुझ्या वहीत सापडलेलं माझं पत्र. माझे कान तापले. मी उठणार तोच ड्रायव्हरबाईनं माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही बसून राहिलो. प्रार्थना झाली, लोक माना खाली घालून पटापट बाहेर पडले. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब जरा." आणि मागच्या नळावरून बादली भरून आणली, फडकं आणलं, आणि पदर नाही म्हणून बाह्या सरसावून आमचा बाक धुवायला लागली. तो झाला तसा पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. काकू बघत राहिल्या. शेवटी त्यांच्यानं राहवेना, म्हणाल्या, "बाकीचे कशाला?" तर ही म्हणते, "अहो काकू, हात ओले झालेच आहेत. आणि खरं सांगू, तुम्ही म्हणालात ते काही खोटं नाही, केवढी धूळ आहे यांच्यावर!" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिला ओळखते, तिला टोमणे मारता येतच नाहीत. मी धुसफुसत दुसरं फडकं घेतलं. चौदाव्या बाकाशी आलो तेव्हा काकूंचा आवाज आला, "कोपरे राहिलेत."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. काकू काही बोलल्या नाहीत, पण प्रार्थना संपल्यावर दाराशी बादली भरून ठेवलेली होती. आमचा पाणउतारा म्हणून ठेवली की मदत म्हणून, मला अजून माहीत नाही. आम्ही धुतले. तिसऱ्या आठवड्यात पोस्टातल्या बाई थांबल्या, चौथ्यात शिंपीदादा. आता दर महिन्याला बाक धुतात, सात-आठ जण असतात, पाणी उडवून नुसता धिंगाणा चालतो, आणि काकू मध्ये उभ्या राहून कोपरे दाखवतात. घरी येताना मी कुरकुरायचे, तू एवढी कशी ऐकून घेतेस? ती म्हणायची, "ऐकून कुठं घेतलं? आपण निघावं म्हणून त्या बोलल्या, आपण निघालो का?"

याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकू गात नव्हत्या. तुझी आई, टिटवी! जिचा आवाज सुरू झाला की बाकीच्या बायका आपोआप सुरात यायच्या, ती नुसते ओठ हलवत होती. मग पाहिलं, त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, डोळ्यांकडे नाही. डावा खांदा पुढे काढतात. एवढ्या ओरडून बोलतात ते सगळं काही रागानं नाही. त्यांना कुठले आवाज किती ऐकू येतात याचा आलेख मला न तपासताही डोळ्यांसमोर दिसला. पण सांगणार कसं? आणि त्या माझ्याकडे येणार कशा? माझा हात कानाला लागू द्यायचा म्हणजे!

त्यांनी काय केलं माहीत आहे? कुणाला न सांगता पहाटेच्या बसनं जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात गेल्या. तिथं नंबर लागला की नाव पुकारतात. त्या दिवसभर बाकड्यावर बसून होत्या. पुकारलं असणार, दोनदा-तीनदाही पुकारलं असणार. संध्याकाळी खिडकी बंद झाली तेव्हा उठल्या. परतीची बस नेमकी आमच्या बाईची. गावात आल्यावर सगळे उतरले, काकू तशाच बसलेल्या. ही शेजारी जाऊन बसली. काकू म्हणाल्या, "मला बोलावलंच नाही गं त्यांनी." तिला त्यांनी 'गं' म्हटलं, हे ती घरी आल्यावर मला चारदा सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना माझ्या जिन्यापर्यंत सोडून गेली. काकू वर आल्या, चारी खुर्च्यांकडे बघितलं, एकीवरची धूळ बोटानं पुसली आणि बसल्या. तपासणीत त्यांनी मला छळछळ छळलं. आवाज सोडला की बटण दाबायच्या नाहीत आणि काहीच सोडलं नाही की दाबायच्या, ऐकू येत नाही हे कबूल करायचं नाही म्हणून! मला हसू आवरेना. आलेख समजावून सांगितला तेव्हा मात्र नुसती मान हलवली. मग साचा घ्यायचा होता. ऐकू येण्याचं मशीन कानात नीट बसावं म्हणून गुलाबी लगदा पिचकारीनं कानात भरायचा, तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. त्यांचा कान हातात धरला, आणि टिटवी, कानाच्या मागे अगदी तुझ्याच जागी तो तीळ. मी जरा थांबले. त्यांना वाटलं दुखेल म्हणून थांबले, म्हणाल्या, "घाबरू नकोस, घाल."

दोन्ही कान बंद. आता त्यांना काही म्हणजे काही ऐकू येणार नव्हतं. अकरा वर्षं मी पाठ करून ठेवलेली वाक्यं होती, एकेक धार लावलेलं. म्हटलं, आता बोलून घे. समोर बसले, तोंड उघडलं, आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडे बघितलं की मला ती आठवते. तुम्ही चिडता तशीच चिडायची, गायची पण तशीच. तुम्ही तिला घालवलीत याचा राग आहे मला. पण तुमच्याइतकी तिची आठवण काढणारं या गावात दुसरं कुणी असेल असं वाटत नाही, म्हणून तुमच्यावर धड रागावताही येत नाही." पाच मिनिटं झाली. मी साचे काढले, कान पुसले. काकू खुर्चीतून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तोंड वाचता येतं मला. चार वर्षं तेच करतेय." आणि जिना उतरून गेल्या. त्या माणसांच्या तोंडाकडे बघतात हे मीच ओळखलेलं, आणि मीच अशी समोर बसून बडबडले!

आठवड्यानं मशीन आलं. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं, पण बरोबर वेळेवर आल्या. कानात बसवलं, सुरू केलं. आधी घाबरल्या. मग खाली दुकानात खोक्याचं झाकण पडलं त्याकडे वळल्या. स्वतःचा हात स्वतःच्या बाहीवरून फिरवून बघितला, पुन्हा फिरवला. म्हणाल्या, "तू एवढी घोगरी बोलतेस होय?" मी म्हटलं, "आज बोलतेय." त्या मशीनशी खेळत राहिल्या आणि मधेच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी प्रार्थनेत जे बोलले ते माझं मत होतं. अजून आहे. पण चारचौघांत बोलले, ते चुकलं." मी म्हटलं, "बरं." त्यांनी दिलं तेवढं खरं होतं, म्हणून मला ते पुरलं.

त्या आठवड्याची प्रार्थना तू बघायला हवी होतीस. गाणं सुरू झालं. काकू पुढच्या बाकावर. दुसऱ्याच ओळीला त्यांची मान गरकन मागे फिरली. त्यांनी ड्रायव्हरबाईकडे असं बघितलं की काय सांगू! गाणं संपताच तरातरा आमच्या बाकाशी आल्या आणि म्हणाल्या, "हे असं गात होतीस तू इतके दिवस? आधी ऐकू आलं असतं तर मी तुला यासाठीच बाहेर काढली असती!" मग गुरुजींच्या नाकातून हसू फुटलं आणि अख्खं प्रार्थनाघर हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं आमची बाई. तेव्हापासून काकू आमच्या बाकावर बसतात. "तुमचं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, सूर चुकला की लगेच सांगता यावं म्हणून बसतेय," असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. सूर अर्थातच दर ओळीला चुकतो. काकू कोपरानं ढोसतात आणि स्वतः गाऊन दाखवतात. पूर्ण आवाजात, टिटवी. खिडक्यांच्या काचा थरथरतात अगदी.

आता हे पत्र का, ते. परवा दुपारी काकू आल्या. मशीनची तक्रार असेल म्हणून मी अवजारांच्या पिशवीत हात घातला. तर विचारतात, "यातून फोनवरचं ऐकू येतं का?" मी दाखवलं, रिसीव्हर कानावर नाही, कानाच्या जरा वर, मागच्या बाजूला धरायचा. पुढच्या खोलीतून मी फोन लावला, मागच्या खोलीत त्यांनी उचलला, असं आठ-दहा वेळा केलं. नीट जमलं. तरी त्या जाईनात. मी म्हटलं, कुणाला करायचाय फोन? त्या म्हणाल्या, "मी नाही करायची. मी केला तर तिला उचलावा लागेल, नाहीतर नाही उचलला म्हणून जिवाला लागेल. तिच्यावर कशाला ते? तिला वाटलं तर तिनं करावा. तूच लिही, मला लिहिता येणार नाही, मी उपदेश करत बसेन." तर लिहिलं. त्या बदलल्यात असं मी म्हणणार नाही, आणि तू माफ कर असंही म्हणणार नाही. ते तुझं तू बघ, आणि नाही केलास तरी माझ्या मनात तुझी जागा आहे तीच राहील. पण करायचा झाला तर नंबर जुनाच आहे. त्या रोज सहा ते सात तिथंच बसतात. उचलल्यावर आधी करड्या आवाजात "कोण आहे?" म्हणतील, आणि मग काहीच ऐकू येणार नाही. ठेवून देऊ नकोस. रिसीव्हर वर सरकवायला त्यांना जरा वेळ लागतो.

तुझीच अजूनही हळूहळू चालणारी,
गोगलगाय